वातीचा दगड

शिराळ्याच्या माणसाने परगावी आपल्या गावाचे नाव सांगितले की समोरचा गृहस्थ नकळत अर्धे पाऊल मागे सरतो. जणू काय आमच्या पिशवीत नाग असतो! बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वदूर गाजलेली, तेव्हा त्या बिचाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? पण खरे सांगायचे तर नागाची मला वाटत नाही तितकी भीती आमच्या आत्याच्या दिवाळीच्या साफसफाईची वाटते. नाग निदान फणा काढून आगाऊ सूचना तरी देतो.

ही आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला दिले होते आटपाडीकडे, माणदेशात. यजमान गेल्यावर ती माहेरी आली आणि गेली तीसएक वर्षे शिराळ्याचे घर तीच राखते आहे. आम्ही नोकरीच्या गावी भाड्याच्या जागेत राहतो आणि सणावाराला पाहुण्यासारखे शिराळ्याला येतो. त्यामुळे घर आमचे असले तरी राज्य तिचे आहे, आणि त्या राज्यात जी वस्तू कामाला येत नाही ती वस्तूच नव्हे, असा कायदा आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही अजिंठा पाहायला गेलो होतो. लेणी पाहून उतरलो, पायांचे तुकडे पडलेले, आणि पायथ्याशी दगड विकणारे उभे. अजिंठा-वेरूळला गेलेल्या कुठल्याही कुटुंबाला हे लोक ठाऊक आहेत. हिरवट, गुलाबी, पाण्यासारखे स्वच्छ असे नाना तऱ्हेचे स्फटिक ते मांडून बसतात. आमच्या कन्येने एका टपरीशी ठाण मांडले. दुकानदाराने पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक काळा दगड काढला. फोडलेल्या करवंटीसारखा, आत पोकळ; आणि त्या पोकळीत कापसाचे दोन गोळे! एक लिंबाएवढा, दुसरा बोराएवढा. पांढरे शुभ्र, लुसलुशीत, सशाच्या शेपटीसारखे. दगडात कापूस कसा, म्हणून मी बोट पुढे केले, तो दुकानदार ओरडलाच, “साहेब, हात नको! एकदा दबला की गेला!”

शेजारी तसेच गुलाबी आणि निळे गोळेही होते. कन्येचा जीव गुलाबीवर. ते रंगवलेले असतात, हे दुकानदाराने मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले, म्हणजे मी पांढरा घ्यायचे नक्की केल्यावर सांगितले. बाराशेवरून घासाघीस करीत पाचशेला सौदा तुटला. त्या पैशांत किती किलो कापूस आला असता याचा हिशेब सौ.ने परतीच्या वाटेवर दोनदा करून दाखवला.

आता मी मराठीचा प्राध्यापक. वस्तू हातात आली की तिचे नाव काय, हा माझा पहिला प्रश्न. आपल्याकडे डोंगरात, विहिरीत, शेताच्या बांधावर चमकणारा दगड सापडला की तो गारगोटी. तांबडी असो, पांढरी असो, सुईसारखी असो की गोट्यासारखी असो. भुदरगड तालुक्याच्या मुख्य गावाचे नाव गारगोटी, आणि नाशिकजवळ सिन्नरला खनिजांचे जे प्रसिद्ध संग्रहालय आहे त्याचेही नाव ‘गारगोटी’. भाषेची ही काटकसर मला आवडते. पण कापसाच्या गोळ्याला गारगोटी म्हणायला जीभ रेटेना. म्हणून मी दगड घेऊन भूशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांकडे गेलो.

त्यांनी चष्मा वर केला, दगड बुडाशी धरला, गोळ्याला श्वासही लागू न देता पाहिला आणि म्हणाले, “ओकेनाइट. जपा. हे मालाड, कुर्ला, पुणे, नाशिक या बाजूंना सापडते. जगात दुसरीकडे इतके सुंदर फारसे मिळत नाही.”

मग तासाची घंटा होईपर्यंत त्यांनी मला जे सांगितले ते थोडक्यात असे. आपला सह्याद्री, देश, मराठवाडा हे सगळे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो उकळता रस पसरला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर त्याचा काळा कातळ आहे. भाकरीच्या पिठात जशी वाफ अडकते तसे त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले आणि रस थिजल्यावर त्यांच्या पोकळ्या झाल्या. मागाहून कोमट-कढत पाणी त्या कातळातून झिरपत राहिले. त्याने कातळातला चुना आणि वाळूचे मूळद्रव्य, म्हणजे कॅल्शियम आणि सिलिका, विरघळवून आणून त्या पोकळ्यांत सावकाश बसवले. कोठे त्यांत ॲल्युमिनियम मिसळले आणि झिओलाइट नावाच्या मोठ्या घराण्यातली खनिजे झाली. कोठे ॲल्युमिनियम नाहीच, नुसते कॅल्शियम, सिलिका आणि पाणी. तिथे ओकेनाइट झाले. त्याचे स्फटिक केसासारखे बारीक आणि लवचिक असतात आणि एका बिंदूपासून चहूकडे वाढतात, म्हणून गोळा दिसतो. वाकवले तर वाकतात. पण दाबून चिकटले की पुन्हा फुलत नाहीत. दुकानदार खोटे बोलला नव्हता.

नावाची हकिगत मात्र मी नंतर पुस्तकांतून काढली, आणि ती मला इतकी आवडली की इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हे खनिज प्रथम ओळखले गेले ते ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील डिस्को बेटातल्या दगडात. तेही बेट लाव्हाचेच. १८२८ साली म्यूनिकच्या फ्रान्झ फॉन कोबेल यांनी त्याला नाव दिले, ते तेव्हा म्यूनिकमध्येच असलेल्या लोरेन्झ ओकेन या निसर्गशास्त्रज्ञावरून. या गृहस्थांचे मूळ आडनाव ओकेनफुस. जर्मन भाषेत ‘फुस’ म्हणजे पाय. तो पाय कापून त्यांनी आडनाव आटोपशीर केले. येना येथे ते प्राध्यापक होते आणि १८१६ पासून ‘इझिस’ नावाचे एक नियतकालिक चालवीत होते. त्यात शास्त्राबरोबर राजकारणावरही ते रोखठोक लिहू लागले, तेव्हा सरकारने त्यांच्यापुढे पेच टाकला: नियतकालिक सोडा, नाही तर प्राध्यापकी सोडा. १८१९ मध्ये ओकेननी प्राध्यापकी सोडली! वाचकहो, मीही प्राध्यापक आहे आणि या सदरात दर आठवड्याला लिहितो. असा पेच माझ्यावर आला तर मी काय करीन, हे सौ.ने मला न विचारताच सांगून टाकले आहे.

आणि नाव ठेवणारे कोबेल? ते खनिजशास्त्रज्ञ तर होतेच, पण बव्हेरियाच्या बोलीभाषेत कविता करीत. म्हणजे बोलीत लिहिणाऱ्या कवीने, लेखणीसाठी नोकरी सोडणाऱ्या संपादकाचे नाव, कापसासारख्या दगडाला दिले. मराठीच्या प्राध्यापकाला दगडात रस घ्यायला यापेक्षा आणखी काय हवे?

या दगडाचे भाऊबंदही मोठे आहेत. त्याच्या शेजारी पुष्कळदा सापडतो तो गायरोलाइट. हा पापुद्र्यांच्या वाटोळ्या गाठींनी बनतो. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून त्याची ओळख जगाला १८५१ साली झाली आणि ग्रीक भाषेतल्या ‘वाटोळे’ या शब्दावरून नाव पडले. त्याच स्कॉटलंडमध्ये टोबरमोरी नावाचे बंदर आहे, त्यावरून १८८० साली टोबरमोराइट आला. आता हे नाव तुमच्या कानावर कधी आले नसेल. परंतु तुम्ही बहुधा त्याच्या नातेवाइकांतच राहता. सिमेंटमध्ये पाणी घातले की जो पदार्थ तयार होऊन वाळू-खडीला घट्ट धरून ठेवतो, तो कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचाच आहे आणि त्याची घडण टोबरमोराइटशी मिळतीजुळती आहे. हल्ली भिंतींना वापरतात ते हलके पांढरे ठोकळे वाफेत शिजवताना तर त्यांच्यात खरोखरीचा टोबरमोराइट तयार होतो. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना वापरून समुद्रात धक्के बांधले. ते दोन हजार वर्षे टिकले, आणि त्यांच्यातही टोबरमोराइट सापडला आहे.

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळेशार कॅव्हनसाइट निघते, ते जरा लांबचे नातलग. त्यात कॅल्शियम आणि सिलिकेबरोबर व्हॅनेडियम आहे, आणि तिघांची आद्याक्षरे जोडून त्याचे बारसे झाले आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. पण जगातल्या संग्राहकांना ते भरभरून दिले वाघोलीने. पेंटॅगोनाइट हा त्याचा सख्खा भाऊ: द्रव्ये तीच, फक्त मांडणी निराळी. अशी आद्याक्षरांची नावे मला मात्र कंपनीच्या नावासारखी वाटतात.

एवढे सगळे कळल्यावर त्या दगडाविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला, त्यामुळेच पुढचा घोटाळा झाला. भाड्याच्या जागेत कन्येच्या मैत्रिणींचा धुडगूस. तेव्हा दगड सुरक्षित राहावा म्हणून मी तो शिराळ्याच्या माजघरातल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. आत्याला बजावले, “याला हात लावायचा नाही.” ती “बरं” म्हणाली. पण हा दगड आहे, कापूस नव्हे, हे मी सांगितले नाही. मी सांगायला हवे होते.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या सकाळी आम्ही शिराळ्याला पोहोचलो. अंगणात सारवण, कडेला पणत्या मांडलेल्या, पितळी भांडी चिंचेने घासून उन्हात घातलेली. आत्या माजघरात वाती वळीत बसली होती. मी आत जाताच ती म्हणाली, “आलास? बरं झालं. तुझ्या कापसाची वातच हुईना बघ. बोटाला लागतोय, पण वळत न्हाई. कुठनं आणलास असला वंगाळ कापूस?”

मी कोनाड्याकडे पाहिले. लिंबाएवढा गोळा जागेवर होता, पण त्याची एक बाजू ओल्या बोळ्यासारखी चपटी झाली होती. बोराएवढा नव्हताच. तो आत्याच्या मांडीवरच्या फडक्यात होता, पांढऱ्या पिंजलेल्या चिमटीएवढा.

मी रागीट माणूस नाही, असा माझा समज आहे. पण त्या क्षणी माझा आवाज असा चढला की सौ. बाहेरून धावत आली. “हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? पाचशे रुपयांचा दगड आहे तो! जगात कुठं मिळत नाही! तुला दगडातलं काय कळतंय?”

आत्याने फडके खाली ठेवले. ती रागावली नाही. तिने आधी एवढेच विचारले, “पाचशे रुपयं? दगडाला? आन् ते कोण देतं?”

“मी दिले,” मी म्हणालो.

“आन् मला दगडातलं काय कळतंय,” ती म्हणाली, आणि थोडे हसली. “आरं, बहात्तरच्या सालात मी दगडच फोडलाय.”

आमच्या घरात हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. आत्याने दुष्काळी काम केले, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. पण ऐकणे म्हणजे काय, तर ‘देवी झाल्या होत्या’ किंवा ‘पूर आला होता’ असे ऐकतो तसे. १९७२ च्या दुष्काळाने माणदेश कसा होरपळला, लाखो माणसे रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामावर कशी खडी फोडीत होती, मिलोची तांबडी ज्वारी आणि सुकडी खाऊन लोक कसे जगले, हे मी वर्गात ग्रामीण साहित्य शिकवताना अगदी कळवळून सांगतो. मुले टिपून घेतात. आत्याला मात्र मी आजवर एकदाही विचारले नव्हते.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. दिवस उजाडायच्या आत ती सासूबरोबर रस्त्याच्या कामावर जायची. हातोडा नवऱ्याने आणलेला, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. फोडलेल्या खडीचे माप भरायचे आणि मापावर पैसे. “काळा दगुड चांगला,” आत्या सांगत होती. “जड असतो, फुटला की टोकदार फुटतो. पर मधीच एखादा पांढऱ्या पोटाचा निघायचा. वरनं काळा, आत असलं पांढरं, सुयाच सुया. हातोडा मारला की पीठ. मुकादम बगायचा आन् म्हणायचा, ही खडी न्हवं, ही रांगोळी हाय. पाटी वतून टाकायचा. समद्यांची मापं भरायची आन् माजं अर्धंच. सासूबाई बोलायच्या न्हाईत काय, पर सांजच्याला भाकरी करताना माज्याकडं बगायच्या न्हाईत.”

असे किती दिवस झाले, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

मग ती उठली, देवघराच्या फळीखालची पत्र्याची पेटी ओढली, आणि तळातून जुन्या खणात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या पुढ्यात ठेवली. पसाभर काळा दगड. त्याच्या एका अंगाला पांढऱ्या काड्यांचा पंखा पसरलेला, मोर पिसारा उघडतो तसा. टोके थोडी तुटलेली होती. बाकी सगळे जसेच्या तसे.

“मुकादमानं फेकलेल्या पाटीतला ह्यो,” ती म्हणाली. “रागानं घरला आणला. जाळावं म्हटलं तर दगुड. टाकावं म्हटलं तर टाकवंना.”

मी जवळजवळ अर्धशतक त्या घरात वावरलो. नागपंचमीला त्याच पेटीवर बसून पुरणाची दिंडं खाल्ली. तिच्यात हे होते, हे मला माहीत नव्हते.

“याला काय म्हणतात, आत्या?” मी विचारले. दुसरे काही सुचेना.

“काय म्हणायचं? शिरगोळा. रांगोळीचा दगुड.”

मराठीत या दगडांना गारगोटीवाचून शब्द नाही, असे मी सहकाऱ्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. ज्या मऊ पांढऱ्या दगडाची पूड करून आमच्या आयाबहिणींनी पिढ्यान् पिढ्या रांगोळी घातली, त्याचे नाव माझ्या डोक्यातून साफ गेले होते. आत्याचा दगड शास्त्राच्या हिशेबाने तोच आहे की नाही, तो प्रश्न वेगळा.

तो प्रश्न दिवाळी झाल्यावर सुटला. आमचे भूशास्त्राचे सहकारी वारणेच्या खोऱ्यात फिरायला म्हणून आले होते, ते शिराळ्याला चहाला आले. गोरखनाथाचे देऊळ पाहून झाले, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी आमचा मारुती पाहून झाला, आणि मग मी आत्याला पेटी उघडायला सांगितली. त्यांनी भिंग काढून दगड पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाले, हा बहुधा स्कोलेसाइट. ओकेनाइटचा मावसभाऊ म्हणा, कॅल्शियम आणि सिलिका दोहोंत आहेच. पण याच्यात ॲल्युमिनियम असल्यामुळे हा झिओलाइटांच्या घराण्यात गेला. ज्योतीत धरला तर तो अळीसारखा वळवळतो, म्हणून ग्रीक भाषेतल्या अळीच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या अशाच दगडाला ‘पूनालाइट’ असे स्वतंत्र नाव दिले गेले होते. पुढे ते स्वतंत्र खनिज नव्हे असे ठरले आणि पुण्याचे नाव गेले. (हे ऐकून मला सातारा-सांगलीकर म्हणून जे वाटले ते मी इथे लिहीत नाही, पुण्यातही आपले वाचक आहेत.)

“मुकादमाचं चुकलं नव्हतं,” सहकारी हलक्या आवाजात मला म्हणाले. “असल्या ठिसूळ दगडाची खडी रस्त्याला टिकत नाही.”

आत्याचे कान या वयातही तिखट आहेत. “चुकलं न्हवतंच,” ती चुलीकडून म्हणाली. “माजं तरी कुठं चुकलं हुतं?”

यावर आम्ही दोघेही प्राध्यापक गप्प बसलो. सौ.ने चहा आणून ठेवला.

जाताना सहकाऱ्यांनी भीत भीत विषय काढला. कॉलेजच्या काचेच्या कपाटात हा नमुना ठेवला, खाली चिठ्ठीवर आत्याबाईंचे नाव, गाव, साल घातले, तर मुलांना दाखवता येईल. त्यांच्या संग्रहात नमुने पुष्कळ आहेत. पण कोणी, कोठे आणि का उचलला, हे ठाऊक असलेला एकही नाही. मोबदल्याचेही ते काही बोलले. मला ती सूचना फार चांगली वाटली, आणि तसे मी आत्याला म्हणालोही.

आत्याने दगड त्यांच्या हातातून घेतला, पदराने पुसला. मी नकळत “अगं, हळू!” म्हणालो.

“मास्तर,” ती त्यांना म्हणाली, “तुमी चांगलं माणूस हाय. पर माप भरताना ह्यो कुणी घेतला न्हाई. आता कशाला देऊ?”

आणि तिने तो खणात गुंडाळून पेटीत ठेवला. पेटी लावून उठताना कोनाड्यातल्या माझ्या चपट्या कापसाकडे बोट करून म्हणाली, “त्यो वातीचा दगुड न्या की. त्यो ह्येचा इकतचा हाय.”